विहिरीतला वाटा आणि डोंगरावरची खोली

मी हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याचा माणूस. केळीचा आणि उसाचा हा मुलूख. आमच्याकडे एका विहिरीत तीन-चार भावांचे वाटे असतात. पाण्याचे वार ठरलेले असतात. सोमवार, मंगळवार थोरल्याचे. बुधवार, गुरुवार मधल्याचे. आपल्या वाराला मोटार चालू करायची, दुसऱ्याच्या वाराला विहिरीकडे फिरकायचं नाही. आपल्या वाराला लाइट नसली तर कुणाला बोलणार? वार गेला तो गेला.

‘टाइमशेअर’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मला ही विहीरच आठवली. थंड हवेच्या ठिकाणी एक हॉटेल असतं. त्यातल्या खोलीचे वर्षाचे बावन्न आठवडे वेगवेगळ्या कुटुंबांना वाटून विकतात. आपण एकदाच मोठी रक्कम भरायची आणि पुढे पंचवीस वर्षं दरसाल सात दिवस राहायला जायचं. युरोपात ही पद्धत १९६० च्या दशकात सुरू झाली. आपल्याकडे स्टर्लिंग ही कंपनी १९८६ साली आणि महिंद्रांची कंपनी १९९६ साली या धंद्यात उतरली. पुष्कळ कुटुंबं अशा सभासदत्वावर दरवर्षी सुटीला जातात आणि समाधानानं परत येतात. तेव्हा हा सगळा व्यवहारच खोटा, असं मी म्हणणार नाही.

पण विहिरीत आणि खोलीत एक मोठा फरक आहे. विहिरीतला वाटा सातबाऱ्यावर असतो. तो लेकरांच्या नावावर चढतो, वेळ पडली तर विकता येतो. टाइमशेअरमध्ये बहुतेक वेळा आपल्याला मिळतो तो फक्त राहण्याचा हक्क. इमारत कंपनीची, जमीन कंपनीची. मुदत संपली की हक्क संपला. मधेच नकोसं झालं, तर घेणारा गिऱ्हाईक सहजी सापडत नाही.

आता थोडा हिशेब करू. समजा, सभासदत्वाचे तीन लाख रुपये भरले. पंचवीस वर्षांच्या एकशे पंचाहत्तर रात्री झाल्या. म्हणजे रात्रीला साधारण १,७०० रुपये. विकणारा इथंच थांबतो. पण दरसाल देखभालीची वर्गणी असते. ती समजा १५,००० रुपये धरली, तर रात्रीला आणखी २,१०० च्या वर गेले. बेरीज झाली ३,८५० च्या आसपास. त्यात जेवण नाही, प्रवास नाही. तीन लाख बँकेत असते तर वाढले असते, तेही यात धरलेलं नाही. वर्गणी वर्षागणिक वाढत जाते, आणि आपण गेलो नाही तरी ती सहसा भरावीच लागते. पंचवीसपैकी निम्मीच वर्षं जाणं झालं, तर तीच रात्र ७,७०० रुपयांना पडली. शिवाय मे महिन्यात आणि दिवाळीत सगळ्यांनाच जायचं असतं. स्वस्तातलं सभासदत्व घेतलं असेल, तर आपल्या वाट्याला पावसाळा येतो.

म्हणून ज्याच्या सुट्या ठरलेल्या आहेत, जो चार-सहा महिने आधी खोली राखून ठेवू शकतो आणि दरवर्षी खरोखर जातो, त्याला हा सौदा परवडू शकतो. शेतकऱ्याला, दुकानदाराला, रोजंदारीवाल्याला तो क्वचितच परवडेल. त्याची सुटी आभाळ ठरवतं.

इथवर झालं महाग-स्वस्ताचं बोलणं. धोका खरा वेगळ्याच ठिकाणी होता, आणि तो आमच्या घरात येऊन बसला.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीनं, आपानं, हजला जाण्यासाठी पै-पै करून पैसे साठवले होते. गावातलाच एक पोरगा एजंट झाला होता. तो घरी आला. म्हणाला, ‘‘खाला, हॉटेलातल्या खोल्यांच्या रात्री विकत घ्या. राहायला गेला तर गेला. नाही गेला तर सहा वर्षांनी कंपनी त्याच रात्री वाढीव भावानं परत घेते.’’ आमच्या घरात व्याज चालत नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून जाता जाता म्हणाला, ‘‘हे व्याज नाही बरं का, खोलीचं भाडं आहे.’’ हे वाक्य आपाला पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं.

आपानं कागद माझ्या हातात दिला. ‘‘भैया, तू बीए है, पढ के देख. बराबर है क्या?’’ कागद इंग्रजीत होता. मी पहिलं पान वाचलं. मागच्या पानावरची बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा केला आणि म्हणालो, बराबर है. एजंट ओळखीचा, कागद छापील, फोटोत हॉटेल झगमगतं. पुढे ती कंपनी गुंडाळली गेली. पोरगा गाव सोडून गेला, कारण त्यानं स्वतःच्या आईचेही पैसे त्यातच घातले होते. आपा मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या कंपनीचं नाव मी घेत नाही. पण याच जातीचं एक मोठं प्रकरण महाराष्ट्रात जाहीर आहे. मुंबईची पॅनकार्ड क्लब्ज ही कंपनी अशाच खोल्यांच्या रात्री विकत होती. पुण्यात बाणेरला एका रस्त्याला लोक तिच्याच नावानं ओळखतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘सेबी’नं आदेश दिला की, ही सुटीची विक्री नसून नोंदणीशिवाय चालवलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे आणि लोकांचे पैसे परत करा. गुंतवणूकदार होते ५१ लाखांवर आणि रक्कम होती सात हजार कोटींच्या वर. २०१७ साली अपिलातही तो आदेश कायम राहिला. मग मालमत्ता जप्त होणं, लिलाव, दिवाळखोरीची प्रक्रिया. लोकांचे हेलपाटे वर्षानुवर्षं चालले.

सेबीचा मुद्दा साध्या भाषेत असा, की माणूस राहायला जायचं म्हणून पैसे देत असेल तर तो गिऱ्हाईक आहे. वाढून परत मिळतील म्हणून देत असेल तर तो गुंतवणूकदार आहे. असे पैसे गोळा करायला सेबीची नोंदणी लागते. आम्ही मात्र गिऱ्हाईकाच्या पावतीवर गुंतवणूकदाराची आशा ठेवून बसलो होतो.

तेव्हा कुणी फोन करून ‘तुम्हाला बक्षीस लागलंय, नांदेडला हॉटेलात जोडीनं जेवायला या’ म्हणाला, तर जेवा खुशाल, सही मात्र तिथं करू नका. ‘सूट फक्त आजच’ असं म्हणाला, तर उठून या. करार घरी आणा, शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करा. वर्गणी किती वाढू शकते, रद्द केल्यास किती दिवसांत किती पैसे परत, हे लेखी घ्या. तोंडी शब्द आयोगापुढे टिकत नाही. ‘पैसे वाढून मिळतील’ असं म्हणाला, तर सेबीची नोंदणी मागा.

फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनी मुंबईची असली तरी मुंबई गाठायची गरज नाही. पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. आम्ही ती दोन वर्षं शरमेत घालवली.

परवा आपाला विचारलं, त्या कागदावर खोली कुठली होती गं? ती म्हणाली, गोव्याची. आम्ही दोघांनीही अजून गोवा पाहिलेला नाही. कागद घेताना जायचं आमच्या मनातही नव्हतं. खरं म्हणजे तोच प्रश्न मी त्या दिवशी विचारायला हवा होता: आपा, तू जाणार आहेस का?