सांगलीच्या वतीने स्वागत



उत्पादन-सुरक्षा आणि उद्योगनीती परिषदेसाठी कृष्णाकाठच्या सांगलीत आपले मनःपूर्वक स्वागत. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ नाटक रंगवले ते इथेच. नाटककार देवलांचे हरिपूरही जवळच. गणपती मंदिर, आयर्विन पूल आपण पाहालच. मी मात्र आमच्या पेवांविषयी बोलल्याशिवाय राहणार नाही.

हरिपूर-सांगलीच्या मातीत खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकायची. पेव उघडले की लगेच कोणी उतरत नसे. आतला कोंदट वायू जाऊ द्यायचा, दिवा सोडून पाहायचा. तो तेवत राहिला तरच माणूस खाली. २००५च्या महापुराने अनेक पेवांची नासाडी केली, पुढे गोदामांनी त्यांची जागा घेतली. जीव धोक्यात घालून पेवांत उतरणाऱ्या त्या हमालांची नावे कुठेही कोरलेली नाहीत. सांगलीच्या वतीने मी त्यांना वंदन करतो.

परिषदेच्या विषयाशी आमची ओळख हळदीपुरतीच. हळकुंडाला झळाळी यावी म्हणून बांगलादेशात लेड क्रोमेट चोळले जाई. त्यातले शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. तिथे २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले. धाडी, दंड आणि लोकजागृतीनंतर २०२१ मध्ये एकाही नमुन्यात नव्हते. म्हणजे मनावर घेतले तर होते! आपल्याकडेही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालामुळे होणाऱ्या हानीची जबाबदारी उत्पादकावर आणि विक्रेत्यावर टाकली आहे. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. पुडीवर सांगलीचे नाव छापणाऱ्याने पुडीत काय आहे याचे उत्तर दिलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

व्यवस्थेत उणिवा आहेत. काहींची सोय शाळेच्या वर्गांत करावी लागली, गरम पाणी सर्वांना वेळेवर मिळाले नाही, भोजनाच्या पंगतीला उशीर झाला. स्वागत समितीच्या वतीने मी अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो. हॉल विनामूल्य देणारे विश्वस्त, शिधा पुरवणारे अडते, मंडप उभारणारे तरुण, पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटांच्या भगिनी, पाण्याचे टँकर पाठवणारे शेतकरी आणि नाव न सांगण्याच्या अटीवर मोठी देणगी देणारे गृहस्थ, या सर्वांचे ऋण मोठे आहे.

उद्या सकाळी मार्केट यार्डात हळदीचे सौदे पाहायला अवश्य या. साडेनऊला इथूनच गाड्या सुटतील.