दुबळं हृदय आणि तुंबलेली मूत्रपिंडं

पाय सुजलेले, जिना चढताना धाप, रात्री दोन-तीन उशांशिवाय झोप नाही. हृदय दुबळं झालेल्या अशा रुग्णाला डॉक्टर लघवीची गोळी देतात. पुढच्या तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा कचरा, थोडं वाढलेलं दिसतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "या गोळीनं किडनी चालली, बंद करा ती." या सल्ल्याची मला फार काळजी वाटते.

दोन्ही मूत्रपिंडांचं वजन जेमतेम ३०० ग्रॅम. तरी हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलतं, त्यातलं लिटरभर त्यांच्याकडे जातं. हृदयाची ताकद घटली की हा ओघ रोडावतो. अंगातलं पाणीच आटलं, असं समजून मूत्रपिंडं रेनिन नावाचं विकर रक्तात सोडतात. त्यामुळे रक्तवाहिन्या आक्रसतात, मीठ आणि पाणी अडवून धरलं जातं. रक्तस्राव झाला असता तर यानंच जीव तगला असता. इथे मात्र थकलेल्या हृदयावर आणखी भार पडतो.

शिवाय पुढे न गेलेलं रक्त मागे शिरांमध्ये साचतं. चर तुंबला की शेतातलं पाणी निघत नाही, तसंच हे. मूत्रपिंडाभोवतीचं आवरण घट्ट, फुगायला जागा नाही. आत दाब वाढतो, गाळणं मंदावतं. शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रँक विंटन यांनी १९३१ साली कुत्र्याच्या मूत्रपिंडावर हे दाखवलं होतं : शिरेतला दाब वाढवला की लघवी घटते. तरी रक्त कमी पोचतं एवढंच कारण बरीच वर्षं पुढे केलं गेलं.

म्हणून साचलेलं पाणी काढणारी गोळी पुष्कळदा मूत्रपिंडांवरचा ताणच हलका करते. सूज उतरतेय, दम कमी होतोय, अशा वेळी क्रिएटिनिन किंचित वाढलं तर घाबरून गोळी सोडू नका, डॉक्टरांना विचारा. जुलाब-उलट्या झाल्या तर मात्र लगेच कळवा, तेव्हा मात्रा बदलावी लागू शकते.

खरा घात होतो तो गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी. त्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटवतात, वर मीठ-पाणीही साठवतात. लोणचं-पापड आवरा, पण कमी सोडियमचं मीठ मनानं सुरू करू नका; त्यात बहुधा पोटॅशियम असतं आणि हृदयाच्या काही औषधांसोबत ते रक्तात धोकादायक वाढू शकतं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत २ किलो वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.