स्मृतिभ्रंश आणि सेरोटोनिन

इ. स. १९०१ च्या नोव्हेंबरांत फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयांत ऑगुस्टे डेटर नांवाची एक्कावन वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉ. आलोइस आल्झायमर यांनीं तिला स्वतःचें नांव लिहावयास सांगितलें. 'श्रीमती' एवढें लिहून ती थबकली. पुढचें तिला आठवेना. १९०६ सालीं ती वारली. तिचा मेंदू तपासून आल्झायमर यांनीं जो विकार वर्णिला, तो आज त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.

मेंदूंतील पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते कांहीं द्रव्यांच्या द्वारें. या विकारांत त्यांपैकीं अ‍ॅसिटिलकोलिन हें द्रव्य ओसरतें. त्याचा नाश लांबविणारें डोनेपेझिल हें औषध अमेरिकेंत १९९६ सालीं मान्य झालें. तें थोडा आधार देतें, रोग थांबवीत नाहीं. म्हणून संशोधकांची दृष्टि दुसऱ्या दूताकडे, म्हणजे सेरोटोनिनकडे वळली. १९४८ सालीं क्लीव्हलंड येथें हें द्रव्य रक्तांतून वेगळें काढण्यांत आलें. त्याचा बहुतेक सांठा असतो आंतड्यांत. मेंदूच्या वांट्यास अगदीं थोडें येतें. पण तें स्वीकारणारे ग्राहक सुमारें चौदा प्रकारचे आहेत. किल्ली एक, कुलपें चौदा, आणि प्रत्येक कुलपामागची खोली निराळी!

यांतील सहाव्या गटाचा ग्राहक अडविला असतां अ‍ॅसिटिलकोलिन अधिक स्रवतें, असें जनावरांवरील प्रयोगांत दिसलें. इडालोपिर्डीन हें औषध याच तत्त्वावरचें. डोनेपेझिलच्या जोडीला तें रोज ९० मिलिग्रॅम देऊन २७८ रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निकाल २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. चोवीस आठवड्यांनंतर सत्तर गुणांच्या परीक्षेंत दोन गुणांहून किंचित् अधिक लाभ दिसला. आशा बळावली. पुढें २५२५ रुग्णांवर तीन मोठ्या चाचण्या झाल्या. २०१८ सालीं छापलेल्या त्यांच्या वृत्तांतांत लाभ मुळींच आढळला नाहीं. या वेळीं मात्रा ६० मिलिग्रॅमच्या वर नेली नव्हती, हें खरें. परंतु त्याच कुळांतील इंटेपिर्डीनही २०१७ सालीं फसलें, तेव्हां सारा दोष मात्रेच्या माथीं मारणें कठीण.

घरच्या माणसांना विस्मरणाहून अधिक छळते ती रुग्णाची अस्वस्थता, आरडाओरड. सेरोटोनिन वाढविणारें सिटॅलोप्रॅम १८६ रुग्णांवर योजिलें असतां ही अस्वस्थता कमी झाली, असें २०१४ सालीं दिसून आलें. मात्र त्याच रुग्णांच्या हृदयाच्या विद्युत्-आलेखांत बिघाड दिसला, आणि बुद्धीही थोडी अधिक मंदावली.