संन्याशाचा झगा आणि भिक्खूचे चीवर

(सोलापूर येथे उपासक-उपासिकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपणापुढे वस्त्राविषयी बोलणार आहे. सोलापूरकरांना कापडाची पारख कोणी शिकवावयास नको. ज्या शहराच्या कित्येक पिढ्या गिरणीच्या भोंग्याबरोबर उठल्या आणि ज्याच्या चादरी देशभर गेल्या, तेथे सूत कोणते आणि वीण कशी हे पोरासोरांनाही कळते. परंतु अंगावरचे वस्त्र माणसाविषयी काय सांगते, आणि काय लपविते, हा प्रश्न निराळा आहे. विशेषतः ज्यांनी धर्म बदलला आहे त्यांनी तो नीट विचारून घ्यावयास हवा.

कॅथॉलिक ख्रिस्ती लोकांतील व्रतस्थ पुरुष आपण पाहिले असतील. कोणी पांढरा झगा घालतो, कोणी तपकिरी. कोणाच्या कमरेला चामड्याचा पट्टा, तर कोणाच्या कमरेला साधी दोरी. हा निव्वळ हौसेचा भेद नव्हे. त्यांच्यात दोन प्रकारचे व्रतस्थ आहेत. एक मठात राहून प्रार्थना आणि श्रम करणारे; दुसरे गावोगाव हिंडून उपदेश करणारे व भिक्षेवर जगणारे. पहिल्यांचा आद्य नियमकार संत बेनेडिक्ट सहाव्या शतकात इटलीत होऊन गेला. त्याने वस्त्राविषयी मोठा समंजस नियम केला. दोन अंगरखे, दोन टोपीचे झगे आणि कामाच्या वेळी पुढून-मागून सोडावयाची एक कापडी पट्टी, एवढे पुरे. रंगाची किंवा पोताची चिकित्सा करू नये. त्या मुलखात जे स्वस्त मिळेल ते घ्यावे. नवे वस्त्र मिळताच जुने परत करावे, म्हणजे ते गरिबांना देता येईल.

दुसऱ्या प्रकारच्या व्रतस्थांत असिसीचा फ्रान्सिस सर्वांना ठाऊक आहे. तो कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा होता, हे येथे मुद्दाम सांगतो. बापाने त्याला बिशपापुढे खेचले तेव्हा त्याने अंगावरचे सर्व कपडे उतरून बापापुढे ठेवले. ही १२०६ च्या सुमाराची गोष्ट. पुढे त्याने खेड्यातल्या गरिबाचा जाडाभरडा, न रंगविलेल्या लोकरीचा अंगरखा पत्करला व कमरेला दोरी बांधली. आपल्याकडचा धनगर पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो, तशीच त्या झग्याची टोपी. दोरीच्या तीन गाठी म्हणजे आज्ञापालन, अपरिग्रह आणि ब्रह्मचर्य ही तीन व्रते. १२२३ च्या नियमात फ्रान्सिसने सांगून ठेवले की, झगा फाटला तर त्याला गोणपाटाचे ठिगळ लावावे. आणि जे मऊ व रंगीत कपडे घालतात त्यांना तुच्छ लेखू नये. या दुसऱ्या वाक्याबद्दल मला त्या माणसाविषयी फार आदर वाटतो. गरिबीचासुद्धा गर्व होऊ शकतो, हे त्याने ओळखले होते.

परंतु गुरू गेला की त्याच्या वस्त्रावरून शिष्यांत तंटे लागतात. शंभर वर्षे उलटली नाहीत तोच त्याच्या अनुयायांत भांडण जुंपले. एक पक्ष म्हणे, आखूड, तोकडा, ठिगळांचाच झगा खरा. दुसरा पक्ष कोठारे भरून सुखाने राहू लागला. पोपने पहिल्या पक्षाला वरिष्ठांची आज्ञा पाळण्यास फर्माविले. ज्यांनी मानले नाही अशा चौघांना १३१८ साली फ्रान्समधील मार्सेय येथे जिवंत जाळण्यात आले. ज्याने दारिद्र्याला जवळ केले त्याच्याच नावाने चाललेल्या संस्थेत दारिद्र्याच्या झग्यापायी माणसे जाळली गेली! (त्याच परंपरेतून पुढे कापुचिन निघाले. त्यांच्या झग्याच्या रंगावरून एका कॉफीला नाव पडले. जगात काय टिकेल आणि कशाच्या रूपाने, याचा नेम नाही.)

हे झगे आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांच्या गलबतांतून आले. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन आणि जेझुइट अशा सर्वांच्या चर्चचे भग्नावशेष आजही उभे आहेत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा ती वस्ती मोडली. त्याआधी, सोळाव्या शतकात, फ्रान्सिस्कनांनी कान्हेरीच्या आपल्या लेण्यांतही आपले प्रार्थनामंदिर थाटले होते. ज्या दगडी ओट्यांवर कधीकाळी भिक्खू चीवर पांघरून निजले, तेथे दोरी बांधलेला झगा वावरला. मात्र दोन्ही वस्त्रांची मूळ प्रतिज्ञा जवळजवळ एकच होती, हे विसरू नका.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. या देशात आल्यावर त्या वस्त्राचे काय झाले?

रोबेर्तो दे नोबिली नावाचा इटालियन जेझुइट १६०६ साली मदुरेस गेला. त्याच्या पंथाला ठरावीक झगा नाही. त्या त्या देशातील प्रतिष्ठित धर्मगुरूंचा वेष घ्यावा, अशी त्यांची रीत. मदुरेत प्रतिष्ठित कोण? ब्राह्मण आणि संन्यासी. म्हणून नोबिलीने भगवी वस्त्रे घेतली, मांसाहार सोडला, ब्राह्मण स्वयंपाकी ठेवला आणि खालच्या मानलेल्या जातींच्या ख्रिस्ती लोकांशी उघड संबंध तोडला. १६२३ साली पोपने जानवे व शेंडी ठेवण्यासही काही अटींवर मुभा दिली. मग शूद्रांना व अस्पृश्यांना येशूची वार्ता कोणी सांगावी? त्यासाठी १६४० पासून दुसऱ्या दर्जाचे जेझुइट नेमले. त्यांना ‘पंडारस्वामी’ म्हणत. एकच पंथ, एकच देव. पण वेष दोन, कारण जाती अनेक. नोबिली विद्वान होता, तमिळ व संस्कृत त्याने कष्टाने आत्मसात केले, हे मी नाकारीत नाही. तथापि त्याने जे भगवे पांघरले ते संन्याशाचे नव्हते, जातीचे होते.

गोव्यातील हकीकत याहून बोलकी आहे. तेथे युरोपीय पंथांची दारे देशी माणसाला बहुतांशी बंदच होती. तेव्हा जुन्या गोव्यात १६८२ पासून देशी धर्मगुरूंची स्वतंत्र संस्था उभी राहिली. पण तीतही प्रवेश ब्राह्मण कुळातून आलेल्या ख्रिस्ती लोकांना. याच संस्थेतील जोसेफ वाझ १६८७ साली मजुराच्या वेषात सिलोनला पोहोचले आणि डच अमलाखाली चोरून-लपून लोकांची सेवा करीत राहिले. त्यांना २०१५ साली संतपद मिळाले. त्यांचे धैर्य मोठे होते. पण त्यांच्या संस्थेचा उंबरा मजुराला ओलांडता आला नसता! सासष्टीच्या काही गावांत तर चर्चच्या मिरवणुकीत खांद्यावर घ्यावयाच्या वस्त्रावरूनही जात ओळखली जाई: वरच्यांना तांबडे, शूद्र म्हटलेल्यांना निळे. ज्या रंगाचे निशाण आपण मानाने मिरवितो, तो तेथे खालच्या पायरीची खूण होता.

ही सर्व पार्श्वभूमी बाबासाहेबांना चांगली ठाऊक होती. १ जानेवारी १९३८ रोजी याच सोलापुरात त्यांनी ख्रिस्ती बांधवांपुढे भाषण केले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपले मन ओढून घेतले आहे, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. आणि तितक्याच मोकळेपणाने, दक्षिणेतील चर्चमध्ये जात पाळली जाते, हेही त्यांना ऐकविले. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने असे बोलावे, याला छाती लागते.

न्यायासाठी हेही सांगतो की, तो समाज तेथेच थांबलेला नाही. १९६५ साली त्यांच्या धर्मपरिषदेने ठरविले की व्रतस्थांचे वस्त्र साधे, गरिबाला शोभेल असे आणि देशकालानुरूप असावे. त्याआधीच, १९४८ साली, मदर तेरेसांनी युरोपीय झगा सोडून निळ्या काठाचे पांढरे सुती लुगडे घेतले. त्यांच्या भगिनींची लुगडी टिटागढ येथे कुष्ठरोगी विणतात. ज्यांच्या हाताचे पाणी कोणी घेत नव्हते, त्यांच्या हातचे वस्त्र अंगावर घेणे ही लहान गोष्ट नव्हे. आपल्याला ती अधिक कळेल. मुंबईच्या गिरण्यांत धोट्याचे सूत तोंडाने ओढावे लागे, एवढ्याच कारणासाठी अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात शिरू देत नसत, आणि १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी तो प्रश्न धसास लावला.

आता आपल्या घरी या. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडालाने प्रेताची वस्त्रे वापरावी, अशी आज्ञा आहे. जी पोथी १९२७ साली महाडला जाळली, तिच्यातीलच हे वाक्य. भगवान बुद्धाच्या भिक्खूंनीही स्मशानातील आणि उकिरड्यावरील चिंध्या उचलून चीवरे शिवली. चिंधी तीच, पण एकीकडे ती माणसावर लादली गेली, दुसरीकडे राजपुत्रांनी ती आपण होऊन घेतली. पुढे आनंदाने मगधातील शेतांच्या बांधांप्रमाणे तुकडे जोडून चीवराची आखणी केली. कापड आधी कापावयाचे, मग जोडावयाचे. कापलेल्या कापडाला बाजारात भाव राहत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? चोराने चोरू नये आणि भिक्खूला मोह पडू नये, दोन्ही हेतू त्यात साधतात. आज दुकानातून प्लास्टिकच्या पिशवीत तयार चीवर आणून दिले जाते. ते सोयीचे आहे. मला ते फारसे आवडत नाही.

शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घेण्यास आले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. राजपुत्रांनीच विनंती केली की, याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हांला याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा अभिमान गळेल. ज्या दिवशी उपालीच्या अंगावर ते वस्त्र आले, त्या दिवशी त्याच्यापुढे राजकुळ वाकले. नोबिलीचे भगवे आणि उपालीचे चीवर यांतील अंतर हे आहे.

वर्षावास संपल्यावर आपल्या विहारात चीवरदान होईल, आणि मुलांच्या श्रामणेर शिबिराची यादीही निघेल. दहा दिवस का होईना, कोणाचा तरी मुलगा चीवर घालील आणि त्याची आई त्याला वंदन करील. त्या यादीवर नजर टाका. शेजारच्या गल्लीतील मातंग, ढोर, होलार कुटुंबांतील मुलांची नावे तीत आहेत काय? त्यांच्या दारात निरोप घेऊन कोणी गेले होते काय? गेले नसेल, तर यादी अजून लावलेली नाही. आज रात्री जाता येईल.