कॉफी प्यायली आणि बीपी वाढलं? थांबा, लगेच घाबरू नका!

हेडफोन लावून हातात चहा घेऊन बसला असाल तर उत्तम, कारण आजचा विषय तोच आहे: कॅफिन आणि बीपी.

पुण्यात निमित्तं भरपूर. सकाळी अमृततुल्य, हिंजवडीत मीटिंगनंतर मशीनची कॉफी, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतून रात्री परत चहाला बाहेर. मग ऑफिसच्या हेल्थ चेकअपला कॉफी संपवून आपण थेट हात पुढे करतो. मशीन दाखवतं १३५/८५. पंचविशीत बीपी?

तर आत काय होतं बघा. जागं असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठतं. त्यानेच थकवा जाणवतो, रक्तवाहिन्याही सैल राहतात. कॅफिन त्याची जागा अडवतं. झोप पळते, रक्तवाहिन्या थोड्या आवळतात, बीपी चढतं. सवय नसेल तर वरचा आकडा ५ ते १० ने वाढू शकतो. अर्ध्या तासात सुरुवात, एक-दोन तासांत सगळ्यात जास्त, मग हळूहळू खाली. रोज पिणाऱ्यांमध्ये ही वाढ बरीच कमी दिसते.

आता हिशोब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिवसाची मर्यादा सांगितली, ३०० मिलिग्रॅम. १५० मिलीचा कप धरला तर फिल्टर कॉफीत ८० ते १२०, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५, चहात ३० ते ६५. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलीच्या कॅनमध्ये नियमानुसार जास्तीत जास्त ७५. म्हणजे दोन कॅन आणि दोन फिल्टर कॉफी झाली की मर्यादा ओलांडलीच. आणि कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री आठला १०० घेतलं, तर एक वाजता ५० अजून अंगात. झोप गेली, की बीपीचं गणित आणखी बिघडतं.

म्हणून बीपी मोजायच्या आधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम काही नाही. पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर, आणि गप्पा बंद.

असं नीट मोजूनही वेगवेगळ्या दिवशी आकडा १४०/९० किंवा वर येत असेल, तर "अरे, कॉफीमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. हाय बीपी बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही, म्हणून तर ते कळत नाही.

हा एपिसोड तुमच्या चहाच्या ग्रुपवर नक्की पाठवा. भेटू पुढच्या वेळी!