खुब्याच्या वाटीचा अस्थिभंग

बीड जिल्ह्यांतील पाटोदा तालुका बालाघाटाच्या डोंगराळ मुलखांत आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील अनेक कुटुंबें ऊसतोडीसाठीं बाहेर पडतात. उसाच्या ट्रॉलीवरून एखादा तोडकरी खालीं पडतो. घाटांत एखादी मोटार आदळते. शहरांतील घरांत एखादी वृद्ध आजी न्हाणीघरांत कुशीवर पडते. या तिन्ही प्रसंगीं एक इजा लक्षांत न येण्याचा संभव असतो. ती म्हणजे खुब्याच्या वाटीचा अस्थिभंग.

मांडीच्या हाडाचा गोळा कटीच्या हाडांतील ज्या खोलगट भागांत फिरतो, ती ही वाटी. मोटारीच्या धडकेंत गुडघा डॅशबोर्डावर आपटला, तर तो आघात मांडीच्या हाडांतून या वाटीपर्यंत पोंचतो. म्हणून गुडघ्यावर जखम दिसल्यास खुब्याचीही चौकशी करावी.

जांघेंत किंवा खुब्यांत तीव्र वेदना, पाय किंचित् हलवितांच तिची वाढ, आणि त्या पायावर भार न देववणें, हीं मुख्य लक्षणें होत. मांडीच्या हाडाची मान मोडली असतां पाय बहुधा आंखूड होऊन बाहेरच्या अंगास वळतो. गोळा वाटींतून मागें निसटला असतां पाय आंखूड होतो, पण आंतल्या अंगास वळतो. वाटीस नुसती भेग गेली असेल, तर मात्र पाय सरळ व निर्दोष दिसूं शकतो. फसगत होते ती येथेंच. वृद्ध माणूस कण्हत कण्हत चार पावलें चालला, एवढ्यावरून हाड शाबूत आहे असें मानूं नये.

पाऊल वर उचलतां न येणें किंवा बधिर होणें, हें मांडीमागील मोठ्या मज्जातंतूस इजा झाल्याचें चिन्ह असूं शकतें. चेहरा पांढरा पडून थंड घाम सुटला, नाडी जलद व क्षीण झाली, तर आंत रक्तस्राव होत असल्याची शंका घ्यावी.

अशा वेळीं रुग्णास चालवून पाहूं नये. पाय ओढूं नये, चोळूं नये, हाड बसविण्याचा यत्न करूं नये. पाय आहे त्याच स्थितींत उशांनीं स्थिर ठेवावा, खाणेंपिणें देऊं नये व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. निसटलेला गोळा शक्य तों ६ तासांच्या आंत रुग्णालयांत बसविला जावा. विलंबानें त्याचा रक्तपुरवठा तुटून तो निर्जीव होण्याचें भय असतें. साध्या क्ष-किरण चित्रांत भेग निसटूं शकते. तें निर्दोष येऊनही वेदना टिकली, तर सी. टी. तपासणीविषयीं डॉक्टरांस विचारावें.

वाटी वांकडी जुळल्यास सांधा अकालीं झिजतो. मग तोडकऱ्याचा हंगामच नव्हे, पुढील उपजीविकाही धोक्यांत येते.