डब्यावरचा नियम आणि दारावरचा रंग



रमजान जवळ आला की मोहल्ल्यात रंगकाम निघते. दारे-खिडक्यांचा जुना ऑइलपेंट खरवडायचा, पॉलिशपेपर मारायचा, नवा हात द्यायचा. आज बोलायचे आहे ते या खरवडण्याबद्दल.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. पिवळा, लाल, हिरवा रंग भडक यावा, लवकर वाळावा म्हणून शिशाची संयुगे मिसळत. केंद्र सरकारने २०१६ मध्ये नियम केले. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे किलोमागे ९० मिलिग्रॅम, झाली. नियम चांगला आहे, पण तो डब्यातल्या नव्या रंगापुरता. नवे व्हर्जन आले म्हणून जुन्या सर्व्हरवरचे आपोआप दुरुस्त होत नाही, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना रोज दिसते.

अमेरिकेत घरांसाठीच्या शिशाच्या रंगावर १९७८ मध्ये बंदी आली, पण जुनी घरे उरलीच. म्हणून १९९२ च्या कायद्याने अशा घरातल्या शिशाची माहिती असेल तर ती विकत घेणाऱ्याला आणि भाडेकरूला देणे बंधनकारक केले. २०१० पासून तिथे काम करणाऱ्या ठेकेदाराला प्रमाणपत्र लागते. आपल्या २०१६ च्या नियमांत जुन्या घरांसाठी असे काही नाही.

नुकसान कोणाचे? रांगणाऱ्या बाळाचे. धूळ फरशीवर बसते, बाळ हात तोंडात घालते. पोटात गेलेले शिसे लहान मुले मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात आणि ते मेंदूच्या वाढीवर घाला घालते. रक्तात शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुसरे नुकसान रंगाऱ्याचे. तो दिवसभर ती धूळ छातीत घेतो आणि कपड्यांवरून घरी नेतो.

शिसे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून २०१७ पूर्वीचा ऑइलपेंट असेल तर तो शिशाचाच धरून चाला. रंग शाबूत असेल तर उगाच खरवडू नका. खरवडावाच लागला तर पाणी मारून, ओला ठेवून खरवडा. ब्लो-लॅम्पने जाळू नका. मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत दुसरीकडे ठेवा. झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा. रंगाऱ्याला चांगला मास्क द्या. ओल्या कामाला वेळ जास्त लागतो, त्याची मजुरीही द्या. शंका आली तर डॉक्टरांना विचारून मुलाच्या रक्तातले शिसे तपासून घ्या.

कायद्यातली ही फट भरून काढण्याची मागणी आपण केली पाहिजे. तोवर आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत ओल्या खरवडकामाचा ठराव तरी मांडा.